नवीन शहरात एकटे राहायला आलात? रोज एक काम आणि एक माणूस, इथून सुरुवात करा

दरवर्षी जून-जुलैत ठाणे-नवी मुंबई जोडणाऱ्या ट्रान्सहार्बर लोकलच्या स्टेशनांवर नवीन पोरं-पोरी दिसायला लागतात, पाठीवर मोठी सॅक, हातात बादली आणि गादीचा रोल, आणि फोनवर ब्रोकरशी डिपॉझिटवरून घासाघीस चाललेली. कुणी लातूरचं, कुणी जळगावचं, कुणी चिपळूणचं. पहिला महिना मस्त जातो, नवीन ऑफिस, नवीन रूम, पाम बीच रोडवरचे फोटो. खरी गंमत तिसऱ्या महिन्यात सुरू होते. पगार वेळेवर येतोय, काम जमतंय, तब्येत बरी आहे आणि तरी संध्याकाळी घणसोलीला उतरून रूमकडे चालताना पोटात कसंतरी होतं, मग रूमवर जाऊन मोबाईल घेऊन आडवं पडायचं, आणि भानावर येतो तेव्हा साडेअकरा वाजलेले, जेवण राहिलेलं.

मी ऐरोलीला एका कंपनीत नवीन जॉइन झालेल्यांचं सुरुवातीचं सगळं बघते, आयडी कार्डपासून ते "मॅडम राहायला कुठे बघू" इथपर्यंत. काउन्सेलर वगैरे नाही. पण बॅचमागून बॅच बघून माझं एक मत पक्कं झालंय, की मन ठिकाणावर राहायला दोन गोष्टी लागतात, आज आपण थोडं तरी पुढे सरकलो असं वाटणं आणि ते सांगायला कुणीतरी असणं, आणि या दोन गोष्टी वेगळ्या वेगळ्या करायला गेलं की दोन्ही फसतात. एक गट असतो जो पहाटे पाचला उठणार, प्रोटीन आणणार, ऑनलाइन कोर्स लावणार, सगळं एकट्याने, आणि महिन्याभरात गप्प होणार. दुसरा गट रोज रात्री टपरीवर, कटिंगवर कटिंग, मॅनेजरला शिव्या घालणार आणि घरी जाताना आला त्यापेक्षा जड होऊन जाणार. म्हणून खाली जे सांगतेय त्यात काम आणि माणूस शक्यतो जोडीनेच येतील.

१. काम इतकं छोटं घ्या की कुणाला सांगायची लाज वाटेल

"फिट व्हायचंय" हे काम नाही. "जेवल्यावर सेक्टरच्या गार्डनला एक चक्कर" हे काम आहे. "इंग्लिश सुधारायचंय" म्हणजे काही नाही, "उद्याच्या कॉलमध्ये एक प्रश्न विचारायचा" हे काम. स्वयंपाक शिकायचा असेल तर आज फक्त कुकर लावा, भाजी पोळीभाजी केंद्रातून आणली तर कुणी पकडायला येत नाही. लोकल लेट झाली, पाऊस पडतोय, शिफ्ट लांबली, रूम पार्टनरशी वाजलंय, अशा दिवशी पण जे होईल तेवढंच काम धरायचं, आणि एका वेळी एकच.

"एकवीस दिवसांत सवय लागते" असं रीलमध्ये ऐकलं असेल तर ते विसरा. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांना रोज एक साधी गोष्ट करायला सांगून बघितलं, कुणी जेवणाबरोबर फळ खायचं, कुणी पाणी प्यायचं, अशा गोष्टी. २०१० मध्ये छापून आलेल्या त्या अभ्यासात ती गोष्ट आपोआप व्हायला लागेपर्यंत साधारण ६६ दिवस लागतात असं दिसलं, आणि माणसामाणसांत फरक केवढा, तर १८ पासून २५४ दिवसांपर्यंत. म्हणजे तुमच्या शेजारच्या डेस्कवरच्या मुलीला महिन्यात जमलं आणि तुम्हाला दिवाळी उजाडली तरी तुमच्यात काही खोट नाही. त्याच अभ्यासातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट अशी, की मध्ये एखादा दिवस चुकला तर सवयीचं फारसं काही बिघडत नव्हतं.

२. मूड यायची वाट बघू नका

उदास वाटतं म्हणून आपण बाहेर जात नाही, बाहेर जात नाही म्हणून बरं वाटेल असं काही घडत नाही, आणि काही घडत नाही म्हणून अजून उदास वाटतं. पीटर लेविन्सन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात नैराश्याचं हे चक्र मांडलं आणि त्यातून पुढे बिहेवियरल अ‍ॅक्टिव्हेशन नावाची उपचारपद्धत उभी राहिली, जी आजही वापरतात. मन बदललं की वागणं बदलेल असं न म्हणता वागणं आधी थोडं बदलायचं. मन लागलं की करू असं नाही, करायला घेतलं की मन लागतं, कधी पंधरा मिनिटांनी लागतं, कधी लागतच नाही, पण निदान काम तरी झालेलं असतं.

आपल्याकडे याचा व्यवहारात अर्थ एकच, ऑफिसमधून सरळ रूमवर जायचं नाही. "रूमवर जाऊन फ्रेश होऊन मग निघू" हा प्लॅन हमखास फसतो कारण मध्ये गादी येते. ठाण्यात राहत असाल तर स्टेशनवरून चालत तलावपाळीला जा, मासुंदा तलावाला एक फेरी मारा, कोपिनेश्वराच्या देवळात पाच मिनिटं टेका आणि मग घरी. वाशीवाल्यांना सागर विहार आहे, नेरूळला ज्वेल पार्क आहे, खारघरवाल्यांना सेंट्रल पार्क. हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत नेरूळच्या पाणथळ जागांवर फ्लेमिंगो येतात, ते बघायला पैसे लागत नाहीत आणि शेजारी दुर्बीण घेऊन उभे असलेले काका लोक न विचारता माहिती देतात, ती पण फुकट.

३. रात्री तीन ओळी

हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या टेरेसा अमाबिले आणि त्यांच्या टीमने सात कंपन्यांमधल्या २३८ लोकांकडून रोजच्या रोज नोंदी लिहून घेतल्या, जवळपास १२ हजार नोंदी जमल्या. चांगला दिवस आणि वाईट दिवस यात फरक कशाने पडतो हे शोधताना त्यांना दिसलं की आपल्याला अर्थ वाटतो अशा कामात थोडंसं जरी पुढे गेलो तर तोच चांगल्या दिवसाचा सगळ्यात मोठा भाग असतो. बोनस नाही, पार्टी नाही. पण त्याच नोंदींमध्ये हेही दिसलं की मागे पडल्याचा फटका पुढे गेल्याच्या आनंदापेक्षा जोरात बसतो. दिवसभरात सहा गोष्टी नीट झाल्या आणि एका मेलवर मॅनेजरने लाल रंगात काहीतरी लिहिलं की रात्री डोक्यात तेच लाल अक्षर, हे आपण सगळेच ओळखतो.

म्हणून लिहायचं. नवीन डायरी, कलर पेन यात पडू नका, व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच मेसेज करता येतो तेवढं पुरे. आज काय पुढे सरकलं, कुठे अडलं, कुणाशी बोललो. उदाहरण म्हणजे, "गॅस कनेक्शनचा फॉर्म भरला. क्लायंटचा रिपोर्ट अडकलाय. वॉचमन काकांशी पावसावर गप्पा." बस. तिसरी ओळ टाळू नका, सलग चार दिवस ती ओळ कोरी राहिली तर आधी तिची काळजी करा, रिपोर्टची नंतर.

४. तो एक माणूस

सगळ्यात जास्त वेळ या स्टेपला द्या. बाकीचं थोडं मागेपुढे झालं तरी निभतं.

हा माणूस तुमचा जिगरी असायची गरज नाही, उलट नसलेला बरा. त्याचं पण काहीतरी छोटं काम चालू असावं, आणि तो सल्ले देणारा नसावा, एवढं बघा. कॉलेजचा एखादा बॅचमेट जो पुण्यात असाच एकटा राहतोय, ऑफिसमधली दुसऱ्या टीमची मुलगी, चुलत बहीण, कुणीही. बॉयफ्रेंड-गर्लफ्रेंडला या कामाला लावू नका असं माझं स्पष्ट मत आहे, तिथे आधीच बऱ्याच अपेक्षा असतात आणि "तू काल चाललास नाहीस" यावरून भांडण व्हायला वेळ लागत नाही. मॅनेजरला तर अजिबात नको, तो कितीही कूल असला तरी.

विचारायचं कसं यावर पोरं फार अडतात, म्हणून शब्द देऊनच टाकते. "ऐक ना, मी रोज जेवल्यावर चालायला सुरुवात केलीय. तुला रात्री फक्त 'झालं' एवढा मेसेज टाकला तर चालेल का? तुझं पण काही असेल तर तू टाक. रिप्लाय नाही आला तरी मी रुसणार नाही." शंभरातले बहुतेक लोक याला हो म्हणतात, कारण त्यांनाही कुणीतरी विचारायला हवंच असतं. ग्रुप करू नका. ग्रुपमध्ये आठवड्याभरात गुड मॉर्निंगची फुलं येतात आणि मग कुणीच काही टाकत नाही. दोघंच. रविवारी जमलं तर दहा मिनिटं फोन.

आता यातला कळीचा भाग, समोरच्याचं ऐकायचं कसं. वाईट बातमीला काय बोलायचं याचा आपण विचार करतो, चांगल्या बातमीला करत नाही. शेली गेबल या मानसशास्त्रज्ञाने २००४ मध्ये नेमकं हेच तपासलं, की आपण आनंदाची गोष्ट सांगितल्यावर समोरचा कसा वागतो, आणि त्यात चार तऱ्हा सापडतात. समजा रूम पार्टनर म्हणाला, "आज क्लायंटने माझं नाव घेऊन कौतुक केलं." एक जण म्हणतो, "काय सांगतोस! नेमकं काय म्हणाला? तू काय बोललास मग?" दुसरा मोबाईलमधून मान न काढता, "हं, भारी." तिसरा, "बघ आता, सगळं काम तुझ्याच डोक्यावर येणार." चौथा, "ते सोड, पाण्याच्या बाटल्या आणल्यास का?" यातल्या फक्त पहिल्या तऱ्हेने नातं घट्ट होत जातं, बाकी तिन्हींनी पातळ होतं. आणि आपल्या मराठी घरांत तिसरा प्रकार काळजीच्या नावाखाली किती चालतो ते मी काय सांगू, दहावीत ८५ टक्के मिळाले तर "गणितात कमी का" हे विचारूनच पेढा दिला जातो.

तर सराव असा करा, समोरच्याने काही चांगलं सांगितलं की आधी एक प्रश्न विचारायचा, मत नंतर. एक प्रश्न. तो "झालं" म्हणाला तर "कुठपर्यंत गेलास आज?" एवढं विचारलं तरी खूप आहे.

५. अर्ध्या ओळखी जमवा

जवळचे मित्र नसतील तोपर्यंत करायचं काय, तर अर्ध्या ओळखींवर जगायचं. कॅनडात जिलियन सँडस्ट्रॉम आणि एलिझाबेथ डन यांनी २०१४ मध्ये दाखवलं की ज्या दिवशी लोकांचं वरवरच्या ओळखीच्या माणसांशी जास्त बोलणं होतं त्या दिवशी त्यांना जास्त बरं वाटतं, आपण इथले आहोत असं वाटतं. हे आपल्या आजीला अभ्यास न करता माहीत होतं, ती दारात बसायची आणि जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येकाला "कुठं निघालास रे" विचारायची.

इथे त्यासाठी फार काही करावं लागत नाही, फक्त दरवेळी तीच जागा धरायची. रोज तीच ८.४२ की काय असेल ती लोकल, तोच डबा, तोच दरवाजा. दोन आठवड्यांत मान हलवणारे दोन चेहरे मिळतात, महिन्यात कुणीतरी "आज उशीर झाला का" विचारतं, लेडीज डब्यात असाल तर त्याही आधी कुणीतरी डब्यातला ढोकळा पुढे करतं. भाजी अ‍ॅपवरून मागवायच्या ऐवजी आठवड्यातून दोनदा मार्केटला जा आणि एकाच मावशींकडून घ्या. इअरफोन एका कानातून काढा. लाजाळू माणसाला हे सुद्धा डोंगर वाटतं हे मला मान्य आहे, त्यांनी नुसतं "मावशी, आज मेथी चांगली दिसतेय" इथवर थांबलं तरी चालेल.

६. मित्र व्हायला तास लागतात, धीर धरा

"इथे कुणी कुणाचं नसतं" हे वाक्य मला प्रत्येक बॅचमधून ऐकायला मिळतं. खरं कारण बऱ्याचदा साधं असतं, तेवढा वेळ एकत्र गेलेलाच नसतो. कॅन्सस विद्यापीठातल्या जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये नवीन शहरात आलेल्या माणसांना आणि कॉलेजच्या नव्या पोरांना विचारून हिशोब काढला, नुसत्या ओळखीतून साधी मैत्री व्हायला अंदाजे ५० तास एकत्र जावे लागतात, मित्र म्हणण्यासारखं व्हायला ९०, आणि जवळचा मित्र व्हायला २०० च्या वर. नुसते ऑफिसात शेजारी बसून कामाचे काढलेले तास त्यात तेवढे उपयोगाचे नसतात, चहा, भटकणं, टाइमपास यांचे तास लागतात. आता हिशोब करा, एखाद्याला तुम्ही आठवड्यातून दोन तास भेटलात तर ५० तासांना सहा महिने लागतील. मग तीन महिन्यांत "कुणी कुणाचं नसतं" कसं ठरवलंत?

गावाकडे हे तास शाळेच्या बाकावर, नदीवर, कट्ट्यावर आपसूक जमलेले असतात म्हणून तिथले मित्र एवढे पक्के. इथे ते मुद्दाम जमवावे लागतात, आणि त्यासाठी एकदाच होणाऱ्या इव्हेंटपेक्षा परत परत होणाऱ्या गोष्टी बघा. गणपतीच्या आधी ठाण्यात आणि नवी मुंबईत ढोल-ताशा पथकांची प्रॅक्टिस आठवडेच्या आठवडे संध्याकाळी चालते, तास जमवायला याच्याइतकं भारी काही नाही, शिवाय ढोल बडवून मॅनेजरचा राग परस्पर निघतो. वाचणाऱ्यांसाठी ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय आहे, १८९३ सालापासूनचं, मेंबर व्हा आणि पुस्तक बदलायला ठरलेल्या वारी जा. ठाण्याच्या येऊरच्या डोंगरावर सकाळी चालायला जाणाऱ्यांचे ठरलेले ग्रुप असतात, दोन-तीन रविवार तोंड दाखवलं की ते चहाला धरूनच नेतात. नाटकवेड्यांना गडकरी रंगायतन आणि वाशीचं भावे नाट्यगृह. गुढीपाडव्याच्या ठाण्यातल्या स्वागतयात्रेला आधी बरीच तयारी लागते आणि हात कमीच पडतात. सोसायटीत भाड्याने राहत असाल तरी सत्यनारायणाच्या दिवशी खुर्च्या लावायला खाली उतरा, "भाडेकरू" वरून "तो ४०३ वाला" व्हायला तेवढं पुरतं.

एकट्याने जायला कसंतरी वाटत असेल तर चौथ्या स्टेपमधल्या माणसाला सांगून जा की आज मी जाणार आहे आणि आल्यावर मेसेज टाकणार आहे. त्याला सांगितलं की माघार घेणं अवघड होतं.

७. घरचा फोन

"जेवलास का, काय जेवलास, बरं ठेवू का" याच्या पुढे फोन जात नसेल तर रोज एक छोटी खरी गोष्ट सांगा, आज कुकर लावला आणि भात चिकट झाला, इतपत. आई-बाबा त्यावर अर्धा तास बोलू शकतात. आणि मन जड असेल तेव्हा सगळं लपवू नका, नुसतं एवढं म्हणा की "आई, काही झालेलं नाहीये, कंटाळा आलाय, तू फक्त ऐक." पहिल्या दोनदा ती "परत ये" म्हणेल, तिसऱ्यांदा ऐकेल.

८. आठवडा बिघडला तर

बिघडणारच. जुलैत एक दिवस गाड्या बंद पडतील, ताप येईल, घरमालक डोकं खाईल, चार-पाच दिवस काहीच होणार नाही. तेव्हा मागचं भरून काढायला जाऊ नका, परत सुरू करताना काम अर्धं करा, चक्कर मारायची होती तर आज फक्त बिल्डिंगच्या खाली उतरून वर या. आणि "झालं" च्या ऐवजी "आज नाही झालं" हा मेसेज मात्र चुकवू नका. पोरं इथेच गळतात, काम बंद पडल्याची लाज वाटते म्हणून माणसाशी बोलणं पण बंद करतात आणि मग दोन्ही गेलं. समोरच्याकडून चार दिवस काहीच नाही आलं तर तुम्ही "बाकी सोड, बरा आहेस ना?" एवढं विचारा, हिशोब मागू नका.

९. एवढ्याने नाही झालं तर

वरचं सगळं साध्या एकटेपणासाठी, कंटाळ्यासाठी आहे. पण सलग दोन आठवडे जवळजवळ रोज उदास वाटतंय, कशातच रस नाही, झोप आणि भूक बिघडलीय, कामावर लक्ष लागत नाही, आपण निरुपयोगी आहोत असं वाटतंय, तर ती चालून-बिलून घालवायची गोष्ट नाही, डॉक्टरला दाखवा. आणि जगणंच नको असे विचार येत असतील तर दोन आठवडे मोजत बसू नका, आत्ता कुणाला तरी सोबत बोलवा आणि फोन करा. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६, २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झाली, चोवीस तास चालते, पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येतं.

ठाण्यात या बाबतीत आपण नशीबवान आहोत. डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० मध्ये सुरू केलेली आयपीएच ही मानसिक आरोग्यावर काम करणारी संस्था इथलीच, तिथे काउन्सेलर आणि सायकिअ‍ॅट्रिस्ट दोन्ही भेटतात. सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ पासूनचं आहे, "ठाण्याला पाठवायला पाहिजे" हा जोक ज्यावरून करतात तेच. पण तिथे साध्या तक्रारींसाठी ओपीडी पण चालते, दिवसा जाऊन दाखवून परत येणारे लोकच तिथे भरपूर असतात. ऑफिसचा मेडिक्लेम असेल तर पॉलिसी एकदा उघडून बघा, मानसिक आरोग्य कायदा २०१७ च्या कलम २१ प्रमाणे शरीराच्या आजाराला जसा विमा मिळतो तसाच मनाच्या आजारालाही देणं विमा कंपन्यांना बंधनकारक आहे, फक्त नुसत्या ओपीडीचा खर्च तुमच्या पॉलिसीत बसतो का हे एचआरला विचारून घ्या, कशासाठी विचारताय ते सांगायची गरज नाही.

पहिल्यांदा जाताना रूम पार्टनरला किंवा त्या मेसेजवाल्या माणसाला सोबत घ्या, तो बाहेर बाकावर बसेल. किती दिवसांपासून काय होतंय ते मोबाईलवर लिहून न्या, त्या रात्रीच्या तीन ओळी असतील तर त्याच दाखवा. आधीपासून कसल्या गोळ्या चालू असतील तर त्यांची चिठ्ठी ठेवा, आणि त्या दिवशी ऑफिसला हाफ डे टाका.